बोट नवी, दुखणी जुनी

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नऊ वर्षं आमच्याकडे सतरा फुटी आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाची, बोट होती. तक्रार काही नव्हती. पण मुलगी चौदा वर्षांची झाली, बोटीमागे दोरी धरून एका वॉटर-स्कीवर (पाण्यावर घसरायच्या फळीवर) उभी राहायला लागली आणि त्या बोटीमागची लाट ओलांडताना रोज आपटायला लागली. नवऱ्याला पाण्यातून वर खेचताना तर इंजिन रडायचं. म्हणून या हंगामाच्या सुरुवातीला ती विकून आम्ही इनबोर्ड स्की बोट घेतली. वय चौदा वर्षं, मधोमध व्ही-एट इंजिन, मीटरवर फक्त ४१० तास. विकणारा म्हणाला, 'आम्ही फारशी वापरलीच नाही.'

पहिल्या तीन फेऱ्या मजेत झाल्या. चौथ्या फेरीला तापमानाचा काटा वर चढायला लागला. पाचव्या वेळी अर्धा तास थांबून पुन्हा चावी फिरवली तर इंजिन नुसतं फिरत राहिलं, सुरू होईना. पाऊण तासाने काही न करता सुरू झालं. शिवाय दर खेपेला तळात बादलीभर पाणी. नवऱ्याने आतापर्यंत थर्मोस्टॅट, बॅटरी, स्टार्टर आणि पेट्रोलचा पंप बदलला. फरक शून्य. आता घरात बोटीचा विषय निघाला की कुणीतरी उठून जातं. आम्ही फसलो का? विकून टाकावी का? नवऱ्याला आवरू कसं? बोट मी चालवते, पण इंजिनातलं मला काही कळत नाही. – सुकाणूवाली"

सुकाणूवाली, सर्वात आधी एक तातडीचं काम, बाकीचं पत्र नंतर वाचा. नवऱ्याला विचारा, स्टार्टर कुठला बसवला? बोटीसाठीचा की मोटारीचा? दोन्ही दिसायला सारखे असतात, बोल्टची भोकंही जुळतात आणि मोटारीचा बराच स्वस्त पडतो, म्हणून भले भले हा मोह आवरू शकत नाहीत. मोटारीत इंजिनाच्या खालून वारा वाहतो. बोटीत इंजिन बंद पेटीत बसलेलं असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली तळात साचून राहते. बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये अशा बेताने बनवलेले असतात. मोटारीचे तसे नसतात. त्याने मोटारीचा बसवला असेल तर तो उतरेपर्यंत बोटीची चावी खिळ्यावरच राहू दे. आणि काढलेला जुना स्टार्टर फेकला नसेल तर शोधून ठेवा. तो बहुधा ठणठणीत आहे.

ठणठणीत आहे असं मी इथे बसून कसं म्हणतो? तुमच्याच पत्रावरून. "इंजिन नुसतं फिरत राहिलं" असं तुम्ही लिहिलंय. इंजिन फिरलं याचा अर्थ बॅटरीने आणि स्टार्टरने आपापलं काम चोख केलं. फिरूनही पेटत नसेल तर खोट पेट्रोलमध्ये असते नाहीतर ठिणगीत. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं असतं, किंवा काहीच झालं नसतं, तर बॅटरीकडे बोट दाखवता आलं असतं. (आणि काहीच झालं नाही तर आधी गिअरची दांडी न्यूट्रलला आहे का आणि किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी जागेवर आहे का ते बघावं. या दोन गोष्टींपायी आजवर किती स्टार्टर बदलले गेले असतील देव जाणे.) तेव्हा तुमच्याकडे आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला आहे. तुमचे यजमान हुशार आहेत, हातही चालतो, पण इंजिनाने दिलेली जबानी न ऐकताच ते शिक्षा सुनावतायत.

म्हणूनच "मला इंजिनातलं कळत नाही" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. सुकाणू तुमच्या हातात असतं, म्हणजे काटेही तुमच्याच डोळ्यांसमोर असतात. नवरा तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला, वीसेक मीटर मागे, पाणी उडवत असतो. बोटीला काय होतं, कधी होतं आणि कशानंतर होतं याची एकमेव साक्षीदार तुम्ही आहात. निम्मं निदान तुम्ही पत्रात लिहूनच पाठवलं आहे.

आता त्या ४१० तासांकडे येऊ. चौदा वर्षांत ४१० तास म्हणजे वर्षाला तीस तासही नाहीत. विकणाऱ्याने हे कौतुकाने सांगितलं आणि तुम्हीही तसंच ऐकलं. माझ्या कानाला ते जरा वेगळं लागतं. वापरून झिजलेली बोट परवडते, पडून राहिलेली नाही. पडून राहिलं की रबर कडक होतं, सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, आणि कधी कधी उंदीर वायरिंगमध्ये संसार थाटतात. पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या आणि चौथीपासून कुरकुर सुरू झाली, हे पडून राहिलेल्या बोटीचं नेहमीचं लक्षण आहे. कडक झालेलं रबर थोडं काम करतं आणि मग तुटतं. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असेलच असं नाही. पण देखभालीचा जो खर्च त्याने वर्षानुवर्षं पुढे ढकलला तो आता तुमच्या दारात आला आहे. याला मी फसणं म्हणणार नाही.

यातलं कुठलं रबर, तेही सांगतो. बोटीला मोटारीसारखा समोरून वारा खाणारा रेडिएटर नसतो. तळाच्या भोकातून तळ्याचं किंवा नदीचं पाणी आत ओढायचं, इंजिनातून फिरवायचं आणि एक्झॉस्टवाटे बाहेर टाकायचं, अशी ही व्यवस्था. काही इंजिनांत आत वेगळं कूलंट फिरतं आणि बाहेरचं पाणी फक्त ते थंड करतं, पण बाहेरचं पाणी लागतंच. ते ओढणाऱ्या पंपाच्या पोटात तळहातावर मावेल एवढं रबरी चक्र असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याची पाती फुलाच्या पाकळ्यांसारखी सगळीकडे निघालेली. पंपाचं घर एका बाजूने मुद्दाम आखूड ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथून जाताना प्रत्येक पातं वाकतं, पुढे गेल्यावर सरळ होतं, आणि या वाकण्या-उठण्यात पाणी ओढलं जातं. बोट सहा महिने उभी राहिली की काही पाती सहा महिने वाकलेलीच राहतात. मग ती तशीच घट्ट होतात. वर एखाद्या शहाण्याने घरी पाण्याचा पाइप न लावता 'फक्त आवाज ऐकायला' इंजिन चालवलेलं असलं तर विचारायलाच नको, कोरडं रबर मिनिटाभरात करपतं.

हे तपासायला बोट ट्रेलरवर असू द्या. पाण्यात असताना पंपाकडे पाणी आणणारी नळी सोडलीत तर पाणी थेट आत येईल. पंपाच्या झाकणाचे स्क्रू काढा, शक्यतो खाली फडकं अंथरून, कारण त्यातला एक तरी तळात उडी मारतोच. झाकण निघालं की चक्र दोन्ही बाजूंनी सारखं धरून, न तिरपं करता बाहेर ओढा. आता उजेडात धरा आणि एकेक पातं बोटाने वाकवून बघा. मुळाशी बारीक भेग असली तर पातं वाकवलं की ती उघडते, एरवी दिसत नाही. टोकं झिजून चकचकीत झाली आहेत का, एका बाजूची पाती झोपल्यासारखी वाकडी राहिली आहेत का, ते बघा. आणि पाती मोजा. नव्या चक्राला जितकी आहेत तितकी भरली तर ठीक.

कमी भरली तर काम अर्धंच झालं असं समजा. तुटलेलं पातं हवेत विरत नाही, पाण्याबरोबर पुढे जाऊन कुठेतरी अडकतं. आणि इथे मला तुमच्या यजमानांना एक प्रश्न आहे: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप, बदलताना तिच्या घरात काळ्या रबराचे तुकडे दिसले होते का? पंपापासून निघालेली नळी जिथे जाते तिथे, म्हणजे थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी, हे तुकडे सापडतात. सगळे सापडेपर्यंत शोधायचं. नाहीतर नवं चक्र बसवूनही काटा चढतो, मग माणूस वैतागतो आणि पुढचा भाग बदलायला घेतो.

पंपाच्या अलीकडची बाजूही बघून घ्या. बऱ्याच इनबोर्ड स्की बोटींत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा छोटा कूलर पंपाच्या आधी बसवलेला असतो आणि पाणवनस्पतींचा सगळा कचरा त्याच्या तोंडाला गोळा होतो. नळी काढून टॉर्च मारला की हिरवं-काळं बूच दिसतं. चिमट्याने उपसा. नळ्या हाताने दाबून बघा. आतून पापुद्रा सुटलेली नळी वेगात पोटात ओढली जाते आणि इंजिन हळू झालं की पुन्हा फुगते, त्यामुळे धक्क्यावर सगळं छान दिसतं आणि वेगात काटा चढतो.

इथे माझी फजिती सांगायला हरकत नाही. माझी पहिली इनबोर्ड दर रविवारी तापायची. घरी आणून ट्रेलरवर पाण्याचा पाइप लावला की मात्र तासभर चालूनही काटा जागचा हलायचा नाही. मी दोन थर्मोस्टॅट बदलले, तापमानाचा सेन्सर बदलला, आणि एका रविवारी तर बोटीला उद्देशून असं काही बोललो की शेजारच्या बोटीतली मुलं हसायला लागली. शेवटी निघालं काय, तर पाणी गाळायच्या भांड्याच्या झाकणाखालचं रबरी कडं चिमटलं होतं. पाण्यात असताना पंपाला पाणी ओढावं लागतं, तेव्हा त्या फटीतून पाण्याऐवजी हवा आत यायची. घरी नळाच्या दाबाने पाणी आत ढकललं जायचं, तेव्हा फट असली काय नि नसली काय. एवढ्याशा कड्याने माझे दोन महिने खाल्ले. तेव्हापासून घरी पाइप लावून केलेल्या तापमानाच्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

इम्पेलर नवा घालताना रबराला पाण्यात मिसळणारा साबण किंवा ग्लिसरीन लावा, खनिज तेलाचं ग्रीस नको, ते रबर खातं. आणि हा भाग दर वर्षी बदलायचाच असं ठरवून टाका, चांगला दिसत असला तरी. काढलेला बरा निघाला तर बोटीत सुटा म्हणून ठेवा.

आता दुसरं दुखणं: थांबल्यावर सुरू न होणं. मला दाट शंका आहे की हे वेगळं दुखणं नाहीच, पहिल्याचीच सावली आहे. चालू इंजिनातली उष्णता पाणी वाहून नेत असतं. चावी बंद केली की पंप थांबतो, पाणी थांबतं, पण लोखंडाचा तो मोठा ठोकळा एवढ्यात कुठला थंड व्हायला. त्याची धग झाकणाखालच्या बंद पेटीत पसरते आणि पुढची वीस-तीस मिनिटं पेटीतलं तापमान उलट वाढत जातं. त्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पेट्रोलचा पंप द्रव ढकलण्यासाठी असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. पाऊण तासाने सगळं निवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि इंजिन निमूटपणे सुरू होतं. तुमच्या घड्याळाशी हे तंतोतंत जुळतं. त्यात इंजिन आधीच जास्त तापत असेल तर हा त्रास दुप्पट. म्हणून आधी पाण्याचं काम उरका आणि मग बघा, दुसरी तक्रार आपोआप जाते का. मी पैज लावत नाही, पण लावली असती तर जाण्यावर लावली असती.

तोवर काही सवयी लावून घ्या. स्कीअरला उचलल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं मंद चालू द्या. पुन्हा सुरू करण्याआधी इंजिनाचं झाकण उघडून वास घ्या, नाकासारखं यंत्र नाही. मग ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या पेटीतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटं चालवा. हा नियम एरवीही पेट्रोलच्या प्रत्येक बंदिस्त इंजिनाला लागू आहे, दिवसातल्या पहिल्या स्टार्टला आणि पेट्रोल भरल्यानंतर तर नक्कीच. मग चावी 'ऑन'वर न्या, सेल्फ न मारता दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असं दोन-तीनदा. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल (चौदा वर्षांच्या बोटीत बहुधा असेल) तर दर वेळी पंप क्षणभर गुणगुणतो आणि नळीत दाब भरतो. आणि पेट्रोलमधलं पाणी अडवणारा फिल्टर या हंगामात बदलला नसेल तर बदला. जुन्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी, आणि मग टाकीही उपसावी लागेल.

एवढं करूनही गरम इंजिन रुसलं तर मात्र भाग बदलायचे नाहीत. काही सेन्सर आणि इग्निशनचे भाग तापले की मरतात आणि निवले की जिवंत होतात, त्यांना थंड असताना तपासून काही कळत नाही. मेकॅनिकला बोटीत बसवून न्या, बंद पडू द्या, आणि झाकण उघडून, पेटी हवेशीर झाल्यावर त्याला तिथल्या तिथे पेट्रोलचा दाब आणि ठिणगी मोजू दे. एका फेरीत निकाल लागतो.

तळातलं बादलीभर पाणी. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो, आणि तो फिरता असल्यामुळे तिथे पक्कं बूच मारता येत नाही. मेण लावलेल्या दोरीचे वेढे (पॅकिंग) घालून वरून नट आवळलेला असतो. अशी जुन्या पद्धतीची व्यवस्था असेल तर चालू असताना मिनिटाला काही थेंब पडणं हे गरजेचंच आहे, ते थेंब दांड्याला थंड ठेवतात. धार लागली तर नट थोडासा, अगदी अष्टमांश फेरा, आवळायचा आणि पुन्हा बघायचं. रागाने करकचून आवळलात तर दांड्यावर खाच पडते आणि काम भलतंच वाढतं. मात्र नटाला हात लावण्याआधी पाणी नक्की तिथूनच येतं का ते ठरवा. तळ फडक्याने कोरडा करा, बोट धक्क्याला घट्ट बांधा, इंजिन चालवा आणि टॉर्च घेऊन वाका. कपडे, केस आणि हात फिरत्या पट्ट्यापासून लांब. आधी न्यूट्रलमध्ये पाहा, मग क्षणभर गिअर टाकून. न्यूट्रलमध्येच पाणी येत असेल तर दांड्याऐवजी थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीवर किंवा एक्झॉस्टच्या जोडावर संशय घ्या. तसं निघालं तर तिन्ही तक्रारी एकाच घरच्या ठरतील. सुकाणूच्या दांड्याचं पॅकिंगही एकदा बघा. आणि हसू नका, पण तळाचं बूच पूर्ण आवळलेलं असतं ना?

आता विकण्याबद्दल. माझा सल्ला: आत्ता नको, पण डोळे मिटून 'ठेवाच' असंही म्हणत नाही. तीन गोष्टी बघा. ऑइलची काडी बाहेर काढा. ऑइल दुधाळ, फेसाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. बोट गोठवणाऱ्या थंडीत पाणी न काढता ठेवली असेल तर हे होतं, कारण बर्फ होताना पाणी जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि त्यापुढे ओतीव लोखंडही टिकत नाही. मग आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण विचारा. तिसरं, बोटीच्या फरशीवर अनवाणी चाला, विशेषतः इंजिनाच्या बाजूंना. पाय दबतो का? इंजिन ज्या आडव्या-उभ्या आधारांवर बसतं ते लाकडी असतील आणि कुजले असतील तर बाकी सगळी दुरुस्ती पाण्यात. या तिन्हींपैकी काही निघालं तर मला पुन्हा लिहा, माझं मत बदलेल. हे खरं तर घेण्याआधी करायचं होतं, पण वरातीमागून का होईना, घोडं आणायलाच हवं.

आणि काही निघालं नाही, तर तुम्ही योग्य बोट घेतली आहे. इंजिन मधोमध असल्यामुळे मागचा भाग खाली दबत नाही, म्हणून लाट बुटकी आणि मऊ उठते. मुलीला नेमकं तेच हवं होतं. जुनी बोट परत मिळते का याची चौकशी तुम्ही मनातल्या मनात करत असाल, तर मुलीला लाट ओलांडताना एकदा मागे वळून पाहायला सांगा. तुम्ही वळू नका, तुम्ही काटे पाहा.

नवऱ्याला आवरण्याबद्दल. "मी सांगत होते" हे वाक्य निदान हंगाम संपेपर्यंत गिळा. त्याऐवजी एक वही आणा आणि ती सुकाणूशेजारी ठेवा. दर फेरीला मीटरचे तास, इंजिनाचे मिनिटाला फेरे (आरपीएम), त्या आरपीएमला तापमान किती, ऑइलचा दाब, व्होल्ट, आणि तळातलं पाणी उपसणारा पंप किती वेळा सुरू झाला ते लिहा. अशा व्ही-एट इंजिनांचे थर्मोस्टॅट सहसा ७१ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतात, म्हणजे स्थिर चालीत काटा तिथून थोडा वर राहावा. नव्वदीकडे निघाला की स्कीअरला उचला, वेग कमी करा, आणि उतरला नाही तर इंजिन बंद. चालू इंजिनात व्होल्ट साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवेत. आणि घरात एकच कायदा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्यानंतर एक फेरी मारायची, वहीत लिहायचं, मगच पुढची. वहीत कारण लिहिलेलं नसेल तो भाग विकत आणायचा नाही. नवऱ्याच्या हाताला काम हवंय, ते काढून घेऊ नका. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलणं, पट्टा, प्लग, ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग, एवढं केलं तरी त्याचे दोन शनिवार जातील, आणि हे सगळं करायचंच होतं. ट्रेलरच्या टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचायला सांगा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बोटीला तास कमी झाले म्हणून टायर तरुण राहत नाहीत.

त्यापुढच्या दोन-तीन फेऱ्या तुम्ही दोघंच मारा. स्की घरी, दोरी घरी, मुलं घरी. वल्हं, नांगर आणि भरलेला फोन मात्र बरोबर. तुमच्या घरातलं वातावरण बिघडलंय ते काट्यामुळे कमी आणि चार जण पोहण्याच्या कपड्यांत कुडकुडत पाण्यात अडकल्यामुळे जास्त. बोट तपासायची फेरी आणि मजेची फेरी एक करू नका.

तुमच्यासाठी म्हणून एक: या बोटीचं सुकाणू पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर चालतं. आउटबोर्डसारखा इथे पंखाच वळत नाही. त्यामुळे इंजिनाचा जोर कमी केला की वळणंही सुटतं, आणि मागे घेताना मागची बाजू सुकाणूला न जुमानता एकाच ठरलेल्या दिशेला सरकते. कुठल्या, ते मोकळ्या पाण्यात शोधा आणि धक्क्याला लागताना तीच बाजू धक्क्याकडे येईल असं लावा. आठवडाभरात हा दोष वाटेनासा होईल.

आणि मुलांना एक गोष्ट ओरडून सांगायची, प्रेमाने नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसायचं नाही, तिला धरून लोंबकळायचं नाही. या बोटीचा एक्झॉस्ट त्या फळीखालीच सुटतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि पाण्यात असलेला माणूस बेशुद्ध झाला की आवाजही होत नाही. कुणी फळीजवळ आलं की चावी बंद, मग गरम इंजिन पुन्हा सुरू होवो न होवो.

स्टार्टरचं आजच बघा. या शनिवारी पंप उघडा, आणि किती पाती असायला हवी होती आणि किती निघाली, ते मला कळवा.